फ्रेयर यांचे बोट

एकोणिसाव्या शतकात साठी उलटलेल्या माणसाची लघवी तुंबली, की युरोपातल्या नामांकित डॉक्टरकडेही त्याच्यासाठी बहुधा एकच उपाय असे, तो म्हणजे नळी. पहिल्यांदा डॉक्टर ती घालून देत. नंतर रोग्याने स्वतःच शिकायचे, दिवसातून चार-पाच वेळा आपल्या हाताने नळी सरकवायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी पुसून ठेवून द्यायची. आधी या नळ्या चांदीच्या, ताठ असत. मग विणलेल्या कापडावर लेप चढवलेल्या लवचीक नळ्या आल्या आणि १८६०च्या सुमारास पॅरिसच्या ऑगस्त नेलातों यांची तांबड्या रबराची मऊ नळी आली. बाहेर जाताना ही वस्तू कुणाला दिसू नये म्हणून माणसे ती पोकळ काठीत किंवा टोपीच्या अस्तरात दडवून नेत. इंग्रज डॉक्टर या अवस्थेला ‘कॅथेटर लाइफ’ म्हणत. नळी उकळून निर्जंतुक करायची असते, हे त्या काळी बहुतेकांना ठाऊकच नव्हते. त्यामुळे पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असे. आधी लघवीला दुर्गंधी येई, मग थंडी वाजून ताप भरे, मग जंतुदोष वर मूत्रपिंडांपर्यंत पोचे आणि काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत सगळे आटोपे. घरात सांगितले जाई, म्हातारपणाने गेले.

त्यांना म्हातारपणाने नेलेले नव्हते. नेले होते एका लहानशा ग्रंथीने. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून बसलेली ही प्रोस्टेट ग्रंथी फक्त पुरुषांमध्ये असते. मराठीत तिला अष्ठीला किंवा पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. ऐन तारुण्यात तिचे वजन वीस ग्रॅमच्या आसपास असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते आणि त्यापलीकडे तिची आठवण होण्याचे कारण पडत नाही. पण चाळिशीनंतर बहुतेक पुरुषांत तिचा आतला भाग, म्हणजे मूत्रमार्गाला लागून असलेला भाग, हळूहळू वाढू लागतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही. मात्र मधून जाणारा रस्ता आवळला जातो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावे लागते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. आत साचून राहणाऱ्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात. आणि एखाद्या दिवशी सगळेच अडते. ती वेदना ज्याने भोगली आहे त्याला वर्णनाची गरज नाही.

या दुखण्याची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या वाताष्ठीलेचे वर्णन असे, की मलमार्ग आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, यांच्या मधल्या जागेत दगडासारखी घट्ट, न हलणारी, उंचावलेली गाठ होते आणि मूत्र अडते. जागा अचूक सांगितली आहे, हे आजचा कोणताही मूत्ररोगतज्ज्ञ मान्य करील. पश्चिमेकडे अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास या भागातल्या ग्रंथींचा उल्लेख केला. व्हेनिसच्या निकोलो मासाने १५३६ मध्ये तिचे वर्णन केले आणि दोनच वर्षांनी व्हेसालियसच्या चित्रांत ती उमटली. पण वर्णन करणे आणि रोग्याची सुटका करणे यांत साडेतीनशे वर्षांहून मोठे अंतर पडले. ग्रंथी इतक्या आड जागी बसलेली, की समोर जघनास्थी, वर मूत्राशय, मागे गुदाशय. तिच्यापर्यंत पोचायचे कसे, हाच प्रश्न होता.

पोचता येत नसेल तर तिचे पोषण तोडावे, असा विचार फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट यांनी केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हे शल्यविशारद. लहानपणी वृषणे काढलेल्या माणसांत आणि जनावरांत प्रोस्टेट खुरटलेली राहते, ही गोष्ट जुन्या निरीक्षकांनी टिपलेली होती. व्हाइट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ती पडताळली. वृषणे काढल्यावर ग्रंथी आक्रसली. १८९३ मध्ये त्यांनी अमेरिकन शल्यविशारदांच्या सभेत सुचवले, की लघवी तुंबणाऱ्या वृद्धांची वृषणे काढून टाकावीत. त्याच वर्षी नॉर्वेत फ्रेडरिक राम यांनी हाच उपाय केला. १८९५ मध्ये व्हाइट यांनी अशा १११ शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. बहुतेकांची ग्रंथी लहान झाली असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्यांच्याच आकड्यांप्रमाणे १८ टक्के रोगी दगावले होते.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण व्हाइट यांना क्रूर ठरवणे अन्यायाचे होईल. नळीच्या आयुष्याचा शेवट त्यांनी रोज पाहिला होता आणि रोग्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. त्यांचे चुकले ते प्रमाणाच्या बाबतीत. वर्षानुवर्षे वाढलेली, गाठीगाठींची झालेली ग्रंथी वृषणे काढल्यावर दरवेळी पुरेशी लहान होत नाही, आणि ज्यांची होते त्यांनाही त्याची किंमत फार मोठी मोजावी लागते. अनेक वृद्ध शस्त्रक्रियेनंतर भ्रमिष्ट झाले, खचले. शतक संपता संपता हा उपाय मागे पडला. पण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना, म्हणजे ही ग्रंथी वृषणांतून येणाऱ्या कशावर तरी जगते ही, खरी होती. तिला न्याय मिळायला आणखी जवळपास पन्नास वर्षे जायची होती.

दरम्यान या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या हातून यायचे होते तो माणूस हिंदुस्थानात मूतखडे फोडत होता.

पीटर जॉनस्टन फ्रेयर यांचा जन्म १८५१ मधला, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागातला. गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजात शिकलेला हा हुशार मुलगा १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला आला आणि बंगाल प्रांताच्या सेवेत दाखल झाला. मुरादाबाद, मसुरी, अलाहाबाद, बनारस अशा ठिकाणी सिव्हिल सर्जन म्हणून त्यांची वीस वर्षे गेली. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा मूत्राशयातल्या खड्यांचे प्रमाण अतोनात होते. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत खड्याचे रोगी बैलगाडीने, पायी, डोलीतून सिव्हिल हॉस्पिटलात येत.

खडा काढण्याची जुनी रीत म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी छेद घेणे. सुश्रुताने तिचे तपशीलवार वर्णन केले आहे, युरोपातही शतकानुशतके तीच चालत आली. १८२४ मध्ये पॅरिसच्या झ्याँ सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतल्या आत फोडून दाखवला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी त्यात भर घातली. खडा एकाच बैठकीत फोडायचा आणि चुरा त्याच वेळी जाड नळीने ओढून काढायचा. ही रीत हिंदुस्थानातल्या डॉक्टरांनी जितकी उचलली आणि पुढे नेली, तितकी क्वचितच कुठे नेली गेली असेल. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन असलेले कीगन यांनी १८८०च्या दशकात ती लहान मुलांवर वापरून दाखवली. एवढ्या अरुंद मार्गातून उपकरण जाणार नाही, असे तोवर सगळे धरून चालले होते. फ्रेयर यांनी उत्तरेत शेकडो खडे असेच फोडले.

या कामात डोळ्यांचा उपयोग नसतो. उपकरण आत गेले, की पुढचे सारे स्पर्शावर चालते. धातूच्या टोकाला खडा लागला की मूत्राशयाची भिंत, हे हाताला कळावे लागते. चुकले तर भिंत फाटते. वृद्ध रोग्यांत खड्याच्या जोडीला बहुधा वाढलेली प्रोस्टेट असते, कारण ती लघवी साचवते आणि साचलेल्या लघवीत खडा धरतो. म्हणजे वीस वर्षे फ्रेयर यांचा हात या ग्रंथीला वळसा घालूनच खड्यापर्यंत जात होता. पुढे लंडनमध्ये त्यांनी जे केले त्याची तयारी मुरादाबाद-बनारसच्या सरकारी इस्पितळांत, इथल्या गरीब रोग्यांच्या देहांवर झाली. वैद्यकाच्या इतिहासात याची नोंद फार पुसट होते. ती ठसठशीत व्हायला हवी.

सगळेच रोगी गरीब नव्हते. रामपूरच्या नबाबांचा खडा फ्रेयर यांनी काढला आणि नबाबांनी त्यांना एक लाख रुपये दिले. सरकारी डॉक्टरने संस्थानिकाकडून एवढी रक्कम घ्यावी का, यावरून सरकारशी मोठा वाद झाला आणि फ्रेयर यांचे नाव दोन्ही देशांत गाजले. १८९६ मध्ये ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, लंडनला परतले आणि पुढच्या वर्षी सेंट पीटर्स हॉस्पिटलात रुजू झाले. कॉव्हेंट गार्डनजवळचे हे इस्पितळ खडे आणि मूत्ररोगांसाठीच होते.

तोवर ग्रंथीपर्यंत पोचण्याच्या धडपडी ठिकठिकाणी चालू झाल्या होत्या. भूल आली होती, लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने जखमा सडणे कमी झाले होते आणि शल्यविशारदांना पोटाच्या आत शिरण्याचे धैर्य आले होते. इंग्लंडात लीड्सच्या मॅकगिल यांनी १८८७ मध्ये ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशय उघडून, आत डोकावणारा ग्रंथीचा तेवढाच भाग कापून काढला. अमेरिकेत ॲरिझोनात जॉर्ज गुडफेलो यांनी १८९१ मध्ये खालच्या बाजूने छेद घेऊन ग्रंथी काढली. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर १८९४ पासून वरून मूत्राशय उघडून, बोटाने पूर्ण वाढ सोडवून काढत होते आणि १८९५ मध्ये त्यांनी लागोपाठच्या सहा यशस्वी शस्त्रक्रिया छापल्याही होत्या. पण त्यांच्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. १९०० मध्ये न्यूयॉर्कचेच रामोन गितेरास युरोपात आले, लंडनमध्ये फ्रेयर यांना भेटले आणि फुलर यांच्या पद्धतीबद्दल बोलले.

त्याच वर्षी १ डिसेंबरला, शनिवारी, फ्रेयर यांनी आपली पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी एकोणसत्तर वर्षांचा होता आणि पूर्णपणे नळीवर जगत होता. फ्रेयर यांची पद्धत त्यांनी पुढे शेकडो वेळा केली, त्यामुळे ती नेमकी कशी होती हे चांगले माहीत आहे. मूत्राशय आधी नळीने पाण्याने भरायचे, म्हणजे ते वर येते. जघनास्थीच्या वर छेद घ्यायचा, मूत्राशयात शिरायचे. मग शस्त्र बाजूला ठेवायचे. एका हाताची तर्जनी मूत्राशयातून ग्रंथीवर न्यायची, वरचे नाजूक आवरण नखाने खरवडून फोडायचे. दुसऱ्या हाताची तर्जनी गुदद्वारातून घालून ग्रंथी वर उचलून धरायची. आतले बोट योग्य थरात शिरले, की ते ग्रंथीभोवती फिरवत न्यायचे. नागपुरी संत्र्याची साल आणि फोडी यांच्यात अंगठा घातल्यावर त्या जशा अलगद सुटतात, तशी वाढलेली ग्रंथी तिच्या वेष्टनापासून सुटते. मग ती मूत्राशयात ढकलून चिमट्याने बाहेर काढायची. सराव झाल्यावर ग्रंथी सोडवायला फ्रेयर यांना मोजकी मिनिटे पुरत.

रक्त? तोवरच्या साऱ्या शल्यविशारदांना धाक होता तो याचाच. या भागात शिरांचे जाळे दाट आहे आणि खोल खड्ड्यात टाके घालणे तेव्हा शक्य नव्हते. फ्रेयर यांना आढळले, की योग्य थरातून ग्रंथी पूर्ण काढली तर रिकामे वेष्टन आपोआप आक्रसते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. अर्धवट तुकडा ठेवला तर मात्र ते आक्रसू शकत नाही आणि रक्त वाहत राहते. त्यांनी मूत्राशयात अंगठ्याएवढी जाड रबरी नळी ठेवली, गरम पाण्याने आत धुऊन गुठळ्या बाहेर काढल्या. ही नळी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. पहिला रोगी वाचला, घरी गेला आणि स्वतःहून लघवी करू लागला. २० जुलै १९०१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रेयर यांनी पहिल्या चार रोग्यांची हकिकत व्याख्यानरूपाने छापली. ग्रंथी पूर्ण काढता येते आणि रोग कायमचा बरा होतो, असा त्यांचा दावा होता.

वाद पेटायला वेळ लागला नाही. फुलर संतापले. ही पद्धत माझी आहे, ती फ्रेयर यांना गितेरास यांच्याकडून कळली आणि त्यांनी माझे नाव गाळले, असा त्यांचा आरोप होता. नियतकालिकांत पत्रे झडली. फ्रेयर यांनी हट्टाने आपला दावा सोडला नाही.

मला वाटते, पहिलेपणाचा मान फुलर यांचाच आहे आणि फ्रेयर यांनी तो मोकळ्या मनाने द्यायला हवा होता. ते त्यांना जमले नाही, हा त्यांच्या मोठेपणातला उणा भाग. पण रोग्यांच्या दृष्टीने पाहिले तर जग बदलले ते फ्रेयर यांच्यामुळे, आणि त्याचे कारण त्यांचे बोट जितके तितकीच त्यांची वही. त्यांनी प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. वय, नळीवर किती दिवस, काढलेल्या ग्रंथीचे वजन, पुढे काय झाले, जगला की गेला, सगळे. गेलेले रोगी त्यांनी लपवले नाहीत. दर थोड्या वर्षांनी ते वाढती यादी छापत राहिले. १९१२ मध्ये त्यांनी एक हजार शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. रोगी बहुतेक साठी-सत्तरीपलीकडचे, मूत्रपिंडे आधीच खराब झालेले, प्रतिजैविके आणि रक्त चढवण्याची सोय नसलेला काळ. वृषणे काढण्याच्या उपायात अठरा टक्के जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

दुसरा वाद शास्त्राचा होता आणि तो अधिक महत्त्वाचा. फ्रेयर म्हणत, मी संपूर्ण प्रोस्टेट काढतो. शरीररचनेच्या अभ्यासकांनी काढलेल्या ग्रंथी आणि मृतदेहांतले भाग तपासून दाखवले, की तसे नाही. बाहेर येते ती आतली वाढ. खरी मूळ ग्रंथी त्या वाढीच्या दाबाने बाहेरच्या बाजूला चेपून सालीसारखी पातळ होते आणि मागेच राहते. फ्रेयर ज्याला वेष्टन म्हणत होते ती स्वतः प्रोस्टेटच होती. हे त्यांनी शेवटपर्यंत मनापासून मान्य केले नाही. पण रोग्यांच्या पुढच्या नशिबावर याचा थेट परिणाम होतो. साधी वाढ आतल्या भागात होते, तर कर्करोग बहुधा बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो. म्हणून वाढीचे ऑपरेशन झालेल्या माणसालाही पुढे मागे राहिलेल्या भागात कर्करोग होऊ शकतो. आणि म्हणूनच सुरुवातीच्या कर्करोगात लघवीचा काहीच त्रास होत नाही. तो रस्त्यापासून दूर असतो.

फ्रेयर यांची पद्धत जगभर गेली. फ्रान्समध्ये १९१२ मध्ये सत्तरीच्या जॉर्ज क्लेमांसो यांची प्रोस्टेट काढली गेली. पाच वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या सर्वांत कठीण काळात, शहात्तर वर्षांचे क्लेमांसो फ्रान्सचे पंतप्रधान झाले आणि त्यांनी देश विजयापर्यंत नेला. वीस वर्षे आधी जन्मले असते तर त्या वयात ते बहुधा नळीच्या तापाने अंथरुणाला खिळलेले असते. खुद्द फ्रेयर यांना १९१७ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, १९२१ मध्ये ते वारले आणि त्यांचा देह कॉनेमारात पुरला गेला.

कर्करोगाची वाट वेगळी निघाली. १८५३ मध्ये लंडनचे जॉन ॲडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला प्रोस्टेटचा कर्करोग छापला, तेव्हा त्यांनी तो फार दुर्मीळ असल्याचे म्हटले होते. माणसे तेवढी जगतच नव्हती आणि मेल्यावर तपासतही कुणी नव्हते. १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी, बाहेरच्या भागासह, काढली. पण हाडांत पसरलेल्या रोगापुढे शस्त्र निरुपयोगी होते. अशा रोग्यांच्या कण्यात, कमरेत ज्या वेदना होत, त्यांना अफूशिवाय उतारा नव्हता.

तिथे व्हाइट यांची टाकून दिलेली कल्पना परत आली. शिकागो विद्यापीठातले चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधल्या द्रवाचा अभ्यास करत होते. वृषणे काढली की द्रव थांबे, पुरुषी संप्रेरक टोचले की पुन्हा सुरू होई. म्हाताऱ्या कुत्र्यांत प्रोस्टेटच्या गाठीही आक्रसत. १९४१ मध्ये त्यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह जाहीर केले, की पसरलेला प्रोस्टेट कर्करोग वृषणे काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर मागे हटतो. महिनोन्‌महिने वेदनेने तळमळणारी माणसे काही दिवसांत उठून बसली. कर्करोगाला औषधाने, शरीरातल्या रसायनाच्या फेरफाराने आवर घालता येतो, हे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे दिसले. १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज पसरलेल्या रोगात दिली जाणारी इंजेक्शने वृषणे न काढता तेच काम करतात.

साध्या वाढीवरचे औषधही याच धाग्यावरून आले, तेही अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सालिनास नावाचे गाव आहे. तिथे काही मुले जन्मतः मुलीसारखी दिसत, तशीच वाढवली जात आणि वयात येताना पुरुष होत. गावाने ही गोष्ट सांभाळून घेतली होती, त्यांना वेगळे पाडले नव्हते. न्यूयॉर्कच्या ज्युलियान इम्पेराटो-मॅगिन्ली यांनी तिथे जाऊन तपास केला आणि १९७४ मध्ये निष्कर्ष छापले. या लोकांच्या शरीरात टेस्टोस्टेरोन या पुरुषी संप्रेरकाचे अधिक प्रखर रूपात रूपांतर करणारे एक विकर काम करत नव्हते. हे लोक पुढे धडधाकट पुरुष म्हणून जगत, फक्त त्यांची प्रोस्टेट लहानच राहत असे. त्याच विकराला अडवणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. व्हाइट यांनी सुरीने जे साधू पाहिले, ते शंभर वर्षांनी एका गोळीने, पुरुषत्वाला फारसा धक्का न लावता साधले. ही गोळी महिनोन्‌महिने घ्यावी लागते, तेव्हा ग्रंथी आक्रसते. तातडीच्या आरामासाठी डॉक्टर दुसऱ्या गटातली, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी देतात. टॅमसुलोसिन हे तिचे आपल्याकडचे ओळखीचे नाव.

शस्त्रक्रियाही बदलत गेली. आयर्लंडमध्येच वाढलेले टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये मूत्राशय न उघडता जघनास्थीमागून थेट ग्रंथीवर जाण्याची रीत दाखवली. दुसरीकडे १८७०च्या दशकात जर्मन डॉक्टर मॅक्स नित्झे यांनी घडवलेल्या दुर्बिणीला विजेची तार जोडली गेली आणि १९२०-३०च्या दशकांत अमेरिकेत मूत्रमार्गातूनच ग्रंथीचे काप काढण्याचे तंत्र विकसित झाले. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगांनी १९६० नंतर त्या दुर्बिणीला लख्ख नजर दिली. पोटावर छेद नाही, चार दिवसांत घरी. आपल्याकडे ज्याला ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. मुंबईत मूत्रशल्यशास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून रुजवणाऱ्यांत डॉ. जी. एम. फडके यांचे नाव आदराने घेतले जाते. आणि १९९०च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेसरने मोठ्यात मोठी ग्रंथी अखंड सोडवून काढायला सुरुवात केली. लेसरचा किरण ज्या थरातून फिरतो तो नेमका फ्रेयर यांच्या बोटाने शोधलेला थर आहे.

इतके सगळे झाले तरी भीती आणि संकोच मात्र तसेच राहिले. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांची लघवी ऐन राजकीय धामधुमीत अडली. १० तारखेला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच दिवशी ते पायउतार होणार असल्याचे पक्षाच्या अधिवेशनात वाचून दाखवण्यात आले. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. मॅकमिलन त्यानंतर तेवीस वर्षे जगले आणि ९२ व्या वर्षी वारले. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांना याउलट खरोखरच हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग होता. १९८१ मध्ये निदान झाले आणि जवळजवळ अकरा वर्षे ते देशापासून लपवले गेले. हगिन्स यांच्या मार्गाने आलेल्या उपचारांमुळे त्यांनी दोन्ही कार्यकाळ पुरे केले.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या बफलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत प्रोस्टेटमधले पीएसए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि पुढे त्याची रक्ततपासणी सर्वत्र पसरली. या तपासणीने अनेकांचे प्राण वाचवले, हे खरे. पण ती कर्करोगाची तपासणी नाही, ग्रंथीची आहे. साध्या वाढीत, जंतुदोषात, लघवी तुंबल्यावर, अगदी नळी घातल्यावरही पीएसए वाढते. शिवाय वृद्धांत आढळणारे कितीतरी कर्करोग इतके संथ असतात, की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. अमेरिकेत अशा रोगांवरही सरसकट शस्त्रक्रिया झाल्या, हजारो पुरुषांना लघवीवरचा ताबा आणि कामजीवन गमवावे लागले. त्यातून शिकून आता कमी धोक्याच्या रोगावर नियमित लक्ष ठेवणे हाच अनेकांसाठी योग्य उपचार मानला जातो. म्हणून वाढदिवसाच्या आरोग्यतपासणीच्या पॅकेजात पीएसए करून, आकडा पाहून घाबरून जाणे बरोबर नाही आणि तो आकडा खिशात घालून गप्प बसणेही बरोबर नाही. तो घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. ते बोटाने तपासतील. संकोच करू नये. बाहेरच्या भागातली कडक गाठ अजूनही बोटालाच प्रथम लागते.

आमच्या आजोबा-वडिलांच्या पिढीने रात्री चारदा उठणे म्हणजे वयाचा भाग मानले आणि कुणाला सांगितले नाही. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्यांना या महिन्यात डॉक्टरकडे न्या. लघवीची धार बारीक झाली असेल, थांबून थांबून येत असेल, कपडे ओले होत असतील, तर बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. लघवीतून रक्त आले तर एक दिवसही थांबू नका. प्रोस्टेटची सूज तरुणांनाही येते. थंडी-ताप आणि लघवीला जळजळ एकत्र असेल तर मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दीची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण तिच्यातल्या काही औषधांनी लघवी अचानक अडू शकते. आणि लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगले, तर पाणी पिऊन वाट पाहत बसू नका. रात्र असली तरी जवळचे सरकारी किंवा खासगी इस्पितळ गाठा. तिथे नळी घालून पाच मिनिटांत सुटका होते, आणि ती नळी आता निर्जंतुक असते.